स्थिरचित्र (जलरंगातील)

भांडी, फळे, भाज्या, कापड अशा रोजच्या वस्तूंची मांडणी समोर ठेवून केलेले चित्रण. महाराष्ट्रात त्याचे पद्धतशीर शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेपासून (स्थापना १८५७) रुजले. कला संचालनालयाच्या इंटरमिजिएट परीक्षेत हा विषय असल्याने अनेकांची त्याच्याशी पहिली गाठ शाळेतच पडते.

जलरंग पारदर्शक असतो. त्यात उजेड रंगवायचा नसतो, राखायचा असतो: तांब्यावरची चमक म्हणजे कोरा सोडलेला कागद. तांब्याच्या भांड्याला आधी पिवळसर-नारिंगी हात देतात आणि तो वाळल्यावर तपकिरी छटा चढवतात. ओल्यावर ओला रंग सोडला की कडा विरघळतात. वांग्याची गोलाई अशीच साधते. स्टीलचा डबा सर्वांत अवघड, कारण त्याचा रंग म्हणजे भोवतालचेच प्रतिबिंब.

टपरीवरचा चहाचा काचेचा ग्लासही या चित्रप्रकाराला पुरेसा विषय आहे. काचेतून दिसणारा तपकिरी, काठावरची उजेडाची बारीक रेघ, टेबलावर पडलेली सावलीतली तांबूस झाक: तासभर पाहिल्याशिवाय हे दिसत नाही, आणि या चित्रणाचे खरे शिक्षण त्या पाहण्यातच आहे.