सूचीकाराचे नाव

जदुनाथ सरकार हे नाव महाराष्ट्रात ओळख करून द्यावे लागत नाही. 'शिवाजी अँड हिज टाइम्स' १९१९ साली आले, त्यावरचे वाद आजही चालू आहेत. मौलवी अब्दुल मुक्तदिर कोण, हे मात्र सांगावे लागते.

पाटण्याच्या बांकीपूर भागात खुदाबख्श खान या वकिलाने १८९१ मध्ये आपला हस्तलिखितांचा संग्रह लोकांना खुला केला. वडिलांनी मागे ठेवलेल्या सुमारे १४०० पोथ्या मुलाने ४००० च्या घरात नेल्या. त्यासाठी मोहम्मद मक्की नावाच्या अरबाला दरमहा ५० रुपयांवर ठेवून अरब मुलुख धुंडाळला. वकिलीची कमाई अशी गेली!

पण ढिगातून हवे ते सापडणार कसे? पहिले पान गहाळ असले की लेखक मजकुरावरून ओळखायचा. नक्कल कधीची, कोणाच्या हातची, ते शेवटच्या तरकीम्यावरून, तोही शिल्लक असला तर. डेनिसन रॉस यांच्या देखरेखीखाली मुक्तदिर हे काम करत होते. सूचीचा पहिला, फारसी कवींचा खंड १९०८ मध्ये निघाला. खुदाबख्श त्याच वर्षी वारले.

सरकार तेव्हा पाटणा कॉलेजात शिकवत होते आणि औरंगजेबाचा इतिहास लिहीत होते. त्यांची फारसी साधने याच कपाटांत होती. खुदाबख्शांवर त्यांनी लेखही लिहिला. इतिहासकाराच्या शेजारी मौलवी बसलेला असतो, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठे येते?

१९६९ च्या कायद्याने संसदेने हे ग्रंथालय राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरवले. शिवकाळावर काम करू पाहणाऱ्या आपल्या मुलांना तिथे जायचे तर आधी फारसी शिकावी लागेल.