कार्बाइड, धातू आणि आग

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा काळा पाषाण फोडून बोअर घेतात, तेव्हा बिटाच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडची बटणे असतात. कार्बन आणि धातू यांचे हे संयुग पोलादाहून कितीतरी कठीण. परंतु एकटे असले म्हणजे ठिसूळ. १९२३ साली जर्मनीत ओसराम कंपनीच्या कार्ल श्र्योटर यांनी त्याच्या भुकटीत कोबाल्ट घालून ती भाजण्याचे पेटंट मागितले. कोबाल्टने कण एकमेकांना धरून ठेवले. क्रुप कंपनीने हा माल ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या ‘विडिया’ नावाने विकला.

शत्रू मात्र उरला, तो तापलेल्या हवेचा. सुमारे ६०० अंशांपुढे टंगस्टन कार्बाइड प्राणवायू घेते आणि त्याचे पिवळसर, भुसभुशीत भस्म होऊ लागते. लोहाराच्या ऐरणीवर लाल लोखंडाच्या खपल्या गळतात, तसाच हा प्रकार. थर सुटा असला तर हवा आत शिरतच राहते. घट्ट बसला तर तोच चिलखत होतो. सिलिकॉन कार्बाइडवर वाळूच्या जातीचा असा काचेरी थर आपोआप धरतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील संशोधकांनी जेट विमानाच्या टर्बाइनची पाती टायटॅनियम कार्बाइडची करून पाहिली. ते टंगस्टन कार्बाइडच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचे. त्यास निकेल वा कोबाल्टची जोड दिली. पुढे क्रोमियम मिसळले, नायोबियम व टँटलम यांची कार्बाइडे मिसळली, तेव्हा थर घट्ट बसून झीज मंदावली. आग आवरली, पण धक्का सोसेना, पाती तडकत. धातू वाढवावा, तर उष्णतेत बळ कमी पडे. अखेर निकेलच्या मिश्रधातूंनीच ती जागा राखली.

मग ते श्रम वाया गेले काय? आम्हांस तसे वाटत नाही. टायटॅनियम कार्बाइड कापणीच्या हत्यारांत कामी आले. लेथवर तापणारी धार त्याने अधिक टिकते. १९६० साली पुण्यात सँडविकची कंपनी निघाली आणि महाराष्ट्राच्या कामगारांचे हात या धंद्यात पडले.

येथेच आमचे मागणे आहे. या हत्यारांना धार लावताना उडणारी कोबाल्टमिश्रित धूळ फुप्फुसे निकामी करू शकते, हे वैद्यकास ठाऊक आहे. पात्याला चिलखत चढविण्यासाठी जगाने एवढी बुद्धी खर्चिली. ग्राइंडरपुढच्या माणसाला धूळ ओढून घेणारे यंत्र आणि वेळच्या वेळी छातीची तपासणी, इतके चिलखत मिळालेच पाहिजे.