नमुना आणि टाका

इतिहास म्हटला की राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. घरातल्या सुईदोऱ्यालाही इतिहास असतो आणि तो पुष्कळ बोधप्रद असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील एकाच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. दुसऱ्याने काढलेला नमुना पाहून आपल्या घरी तसेच काही करावे, ही हौस युरोपात कशी पसरली, आणि हौसेने आरंभिलेले काम तडीस जाणे अथवा न जाणे यावरून त्या घराविषयी आपणांस काय समजते?

छापखाने होण्यापूर्वी नमुना हातोहात फिरत असे. एखादी वेलबुट्टी मैत्रिणीकडे किंवा नात्यातल्या घरी पाहिली म्हणजे ती विसरू नये म्हणून बाई आपल्या जवळच्या कापडाच्या पट्टीवर तिचे चार टाके घालून ठेवी. अशा पट्ट्या म्हणजे त्या काळच्या टिपणवह्याच होत. साल घातलेली सर्वांत जुनी इंग्रज पट्टी 1598 ची असून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तीवर जेन बॉस्टॉक हे नाव भरलेले आहे, आणि अ‍ॅलिस ली नावाच्या मुलीच्या जन्माची नोंदही टाक्यांनीच केलेली आहे. नमुन्यांच्या संग्रहात घरातल्या मुलीचा जन्म नोंदला गेला, यावरून नमुना आणि कुटुंब यांची तेव्हा किती जवळीक होती ते दिसते.

ही जवळीक छापखान्याने सैल केली. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे योहान शोनस्पेर्गर याने 1523-24 च्या सुमारास नमुन्यांचे पुस्तक छापले. त्यामागून कोलोन, व्हेनिस व पॅरिस येथूनही अशी पुस्तके निघू लागली. इटलीतील पागानिनो याच्या त्याच शतकातील पुस्तकात एक मौजेचे चित्र आहे. नमुना कापडावर कसा उतरवावा हे त्यात बायकांच्या आकृतींनी दाखविले आहे. कोणी रेषेवर सुईने भोके पाडून त्यांतून पूड झिरपविते आहे, तर कोणी कापड उजेडापुढे धरून मागची आकृती गिरविते आहे. या रीतीत पुस्तकाचा अंत ठरलेलाच असे, कारण भोके पाडून पाने चाळणीसारखी होत. जॉन टेलर याने 1631 मध्ये लंडनात काढलेले असे एक पुस्तक अनेक वेळा छापले गेले. त्यातील नमुने झिबमाखर या जर्मन कारागिराचे होते. पण आज त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या आहेत. इतर ग्रंथ वाळवीने किंवा उपेक्षेने नष्ट होतात. हे ग्रंथ मात्र उपयोगाने नष्ट झाले. ग्रंथकर्त्याला याहून चांगली गती कोणती लाभावी?

एकोणिसाव्या शतकात या हौसेला व्यापाराचे रूप आले आणि त्याचे केंद्र बर्लिन शहर झाले. 1804 च्या सुमारास तेथील फिलिप्सन या चित्रविक्रेत्याने चौकटींच्या कागदावर रंगीत नमुने छापून विकण्यास आरंभ केला. पुढे 1810 मध्ये विटिख या दुसऱ्या विक्रेत्याने पत्नीच्या आग्रहावरून तोच धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला. युक्ती अगदी सोपी होती. कागदावरची एक चौकट म्हणजे जाळीच्या कापडावरील एक टाका, आणि चौकटीचा जो रंग तोच लोकरीचा. चित्रकलेचा गंधही नसलेल्या बाईला गुलाबाचा गुच्छ, पोपट, फार काय, बायबलातील प्रसंगही जसाच्या तसा भरता येऊ लागला. लंडनात विल्क्स नावाच्या दुकानदाराने 1831 पासून हा माल मागविण्यास सुरुवात केली, आणि 1840 पर्यंत बाहेर पडलेल्या नमुन्यांची संख्या 14,000 वर गेल्याचे त्या काळच्या एका पुस्तकात नमूद आहे. 1856 मध्ये पर्किन याने कृत्रिम जांभळा रंग शोधून काढल्यावर तर लोकरीच्या रंगांना भडकपणाची सीमा राहिली नाही.

नमुने असे उदंड झाले. पण बाईचा दिवस पूर्वीएवढाच राहिला. चौदा हजार चौकटीचे कागद छापून निघाले तरी एक चौकट भरण्यास एक टाका घालावाच लागतो, आणि त्याला पूर्वी जितका वेळ लागे तितकाच लागतो. व्यापाऱ्यांनी हे बरोबर ओळखले होते. मधले अवघड चित्र आधीच भरलेले, आणि भोवतालची एकरंगी जमीन तेवढी मोकळी ठेवलेली, अशी आरंभिलेली कामेही दुकानांत मिळू लागली. आरंभाचा आनंद दुकानाने विकावा आणि समाप्तीचा कंटाळा गिऱ्हाइकाने घरी न्यावा, असा तो व्यवहार होता.

या नकलेच्या कामावर पुढे कडक टीका झाली. विल्यम मॉरिस आणि त्याचे अनुयायी यांस ते निर्जीव वाटे. 1872 मध्ये लंडनात कलात्मक भरतकामाची शाळा निघाली, तिचाही हेतू जुन्या सुंदर रीती पुन्हा चालू करण्याचा होता. टीका पुष्कळ अंशी रास्त होती; पण खुद्द मॉरिसच्या पेढीने काय केले? 1885 पासून तेथील भरतकामाचा विभाग त्याची कन्या मे हिच्या हाती आला. तेव्हा रेखाटलेले कापड, जोडीला रेशीम आणि कधी एका कोपऱ्यात भरून दाखविलेला थोडासा भाग, अशी कामे ती पेढीही विकीत होती. नमुन्याची अभिरुची सुधारली, व्यवहार मात्र तोच राहिला. तेव्हा दुसऱ्याचा नमुना घेणे हा दोष मानला, तर तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू पडतो.

पण आमच्या मते तो दोषच नव्हे. यॉर्कशरमधील राउंटन ग्रेंज या वाड्यासाठी मॉरिस आणि बर्न-जोन्स यांनी एका जुन्या फ्रेंच प्रेमकाव्यावरून लांबलचक भिंतपट रेखाटून दिला. तो भरण्याचे काम मार्गारेट बेल आणि तिच्या मुलींनी केले, आणि त्यास सुमारे आठ वर्षे लागली. सुप्रसिद्ध प्रवासिनी गर्ट्रूड बेल हिची ही आजी. रेषा दोघा नामांकित कलावंतांच्या होत्या हे खरे; परंतु आठ वर्षांतील प्रत्येक टाक्याचा ताण आणि दोऱ्याची दिशा ज्यांनी ठरविली, त्यांस केवळ नकलकार कसे म्हणावे? येथे दुसरीही एक गोष्ट विसरता कामा नये. बेल घराणे लोखंडाच्या कारखानदारीवर संपन्न झालेले होते. आठ वर्षे एका कामाला वाहून घेण्याइतकी सवड त्या घरातील बायकांना होती.

जेथे ती नव्हती तेथील साक्ष अपुरी कामे देतात. सतराव्या शतकातील पांढऱ्या साटिनचे काही तुकडे संग्रहालयांतून आहेत. त्यांवर फुलापानांच्या रेषा शाईने काढलेल्या असून टाके थोड्याच भागात पडले आहेत. पुरे झालेल्या कामात त्या रेषा रेशमाखाली झाकून जातात, म्हणून आखणीची रीत अभ्यासकांस या अपुऱ्या तुकड्यांवरूनच नीट समजते. कापडाचे ठिगळ कागदाच्या आकृतीवर दुमडून ती ठिगळे जोडण्याची इंग्रज रीत आहे. काम संपले की कागद बहुधा काढून टाकीत. अपुरे राहिले तर कागद आतच राहत. त्यांत घरची पत्रे, हिशेबाचे चिठोरे आणि मुलांच्या कित्त्यांची पाने सापडतात. अभ्यासकाला अपुरे काम अशा रीतीने लाभदायक होते. परंतु सुई मध्येच का थांबली, हे त्या कापडावर लिहिलेले नसते. आजारपण, बाळंतपण, डोळ्यांची मंदावलेली दृष्टी किंवा नुसता कंटाळा, यांपैकी काहीही कारण असू शकेल. सर्व अपुरी कामे आळसाच्या खाती जमा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

आपल्याकडेही याच गोष्टीचे एक चांगले उदाहरण घडले आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला, आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे घरोघरी गेली. हजारो घरांत चित्र एकच. परंतु कित्येक घरांतील बायकांनी त्या छापील देवींना खऱ्या कापडाची वस्त्रे नेसविली, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी मणी व टिकल्या बसविल्या. असे सजविलेले चित्र आज पाहिले म्हणजे छापखाना एकीकडे राहतो, आणि त्या अनामिक बाईची निवड तेवढी डोळ्यांत भरते. कागदावर सर्वांना सारखी मिळालेली लक्ष्मी काम पुरे झाल्यावर त्या घरची झाली.

आज नमुन्यांचा पूर बर्लिनच्या काळाहूनही मोठा आहे, आणि तो घरबसल्या हाती येतो. दिवसाचे तास मात्र कोणाचेच वाढलेले नाहीत. काम तडीस जाण्यास चांगला नमुना आणि कुशल हात एवढे पुरत नाही; घरातील इतरांनी त्या हातांना मोकळा वेळ द्यावा लागतो. ज्या घरात पेटीच्या तळाशी अर्धे भरलेले एखादे कापड पडले असेल, त्या घरच्या मंडळींनी भरणारीस बोल लावण्यापूर्वी तिला किती निवांत दुपारी मिळाल्या, याचा हिशेब अगोदर मांडावा, एवढेच आमचे सांगणे आहे.