लॉक काढले, रांग राहिली

तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी असो की हिंजवडीतला मुरलेला प्रोग्रामर, कर्नलचा विषय निघाला की दोघांच्या तोंडी एकच सूत्र येते. मेमरीचे एखादे पेज किती जण वापरत आहेत हे सांगणारा रेफरन्स काउंट लॉकखाली ठेवला, तर प्रोसेसर एकमेकांसाठी खोळंबतात. मग लॉक काढा, काउंट अ‍ॅटॉमिक करा, तंटा मिटला. हे मत इतके रुजले आहे की त्यावर शंका घेणे हाच उद्धटपणा ठरावा. तो मी करणार आहे. निवाडा वाचकांनी करावा. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष म्हणतो: लॉक घ्यायचे, काउंट वाढवायचा, लॉक सोडायचे, एवढा खटाटोप कशाला? अ‍ॅटॉमिक वाढ एका सूचनेत होते. लॉक धरून बसलेला थ्रेड मध्येच बाजूला पडला, तर बाकीचे ताटकळतात. अ‍ॅटॉमिक काउंटला ते भय नाही. डेडलॉकही नाही. पुरावेही आहेत. फ्रीबीएसडीने २०१९ मध्ये पेजच्या मोजणीचे नियम बदलून ती अ‍ॅटॉमिक केली आणि पेज लॉकवरची भिस्त कमी केली. लिनक्सच्या ३.१२ आवृत्तीत, २०१३ साली, वेमन लाँग आणि लिनस टॉर्वाल्ड्स यांनी लॉकरेफ आणले: स्पिनलॉक आणि काउंट ६४ बिटांत शेजारी बसवले, म्हणजे लॉक मोकळे असेल तर ते न घेताच काउंट बदलता यावा. त्याने फाइलची नावे शोधण्याचे काम वेगवान झाले. यातले काहीही मी नाकारत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. प्रोसेसरला ताटकळत कोण ठेवते? लॉक, की ते लॉक ज्या जागेवर असते ती जागा?

आजच्या बहुतेक प्रोसेसरांत कॅशची देवघेव ६४ बाइटांच्या ओळींनी होते. एखाद्या ओळीत लिहायचे, तर ती ओळ त्या क्षणी एकाच कोअरच्या ताब्यात असावी लागते. इतरांच्या प्रती रद्द होतात. लॉक घेणे म्हणजे अशा ओळीत लिहिणे. आणि अ‍ॅटॉमिक काउंट वाढवणे? तेही अशाच ओळीत लिहिणे. ६४ कोअर एकाच पेजचा काउंट वाढवू लागले, तर ती ओळ एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते आणि बाकीचे त्रेसष्ट जण हार्डवेअरच्या दारात उभे राहतात. फरक इतकाच, की लॉकपाशी झालेला खोळंबा लॉकस्टॅटच्या अहवालात दिसतो आणि हा दिसत नाही. २०१७ मध्ये कर्नलसोबत पर्फ सीटूसी हे साधन आले ते याचसाठी: कोणत्या ओळीवरून कोअरांची ओढाताण चालली आहे ते दाखवायला. दिसत नाही म्हणून खोळंबा नाही, हा कुठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, हा केवळ तर्क झाला. तर मग घडलेली गोष्ट पाहा. लिनक्समध्ये शून्यांनी भरलेले एक सामाईक पेज असे. प्रोग्रामने अजून न लिहिलेली मेमरी वाचली, की कर्नल सगळ्यांना हेच पेज दाखवी. २.६.१५ आवृत्तीपासून या पेजचीही इतर पेजांसारखी मोजणी सुरू झाली. बदलाच्या टिपणातच इशारा होता, की मोठ्या यंत्रांवर कॅश लाइनची ओढाताण होऊ शकेल. तसेच झाले. एसजीआयच्या एका प्रचंड अल्टिक्स यंत्रावर एक वैज्ञानिक प्रोग्राम सुरू होता होताच कोलमडला. कर्नल त्याची पेज टेबले मोडू लागला. प्रत्येक प्रोसेसर त्याच एका पेजचा काउंट कमी करू पाहत होता, आणि यंत्र जवळजवळ ठप्प झाले. काउंट अ‍ॅटॉमिकच होता. लॉक त्यावर नव्हतेच. पूर्वपक्षाला जे हवे ते सगळे तिथे होते, तरीही यंत्र बसले. निक पिगिन यांनी ऑक्टोबर २००७ मध्ये हे पेजच काढून टाकले. २००९ मध्ये ह्यू डिकिन्स यांनी ते परत आणले, पण मोजणी वगळून. जे कधीच मोकळे करायचे नाही, ते मोजायचे कशाला?

हे उदाहरण एकाकी नाही. एमआयटीतल्या बॉइड-विकिझर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ४८ कोअरच्या यंत्रावर लिनक्स तपासला. त्यांना आढळलेल्या अडथळ्यांत सामाईक रेफरन्स काउंट ठळक होते. त्यांचा उपाय होता स्लॉपी काउंटर, म्हणजे प्रत्येक कोअरकडे मोजणीचा आपापला हिस्सा.

ही युक्ती तुळजापूरकराला समजावी लागू नये. कोजागरीला सोलापूरहून भाविक पायी येतात. मंदिरात किती माणसे आहेत ते मोजायला एकच वही ठेवली, तर त्या वहीपाशीच चेंगराचेंगरी होईल. म्हणून राजे शहाजी महाद्वारावर एक वही, राजमाता जिजाऊ महाद्वारावर दुसरी. एका दाराने आत आलेला दुसऱ्याने बाहेर पडला, तर पहिल्या वहीत अधिक एक, दुसरीत उणे एक. सुट्या वहीला अर्थ नाही, बेरजेला आहे. खोच पुढे आहे. बेरीज चालू असताना ये-जा होत राहिली, तर बेरीज खोटी. म्हणून आत आता कोणीच नाही याची खात्री हवी तेव्हा आधी सर्वांना वर्दी द्यायची, ती सगळीकडे पोचेपर्यंत थांबायचे, वह्या एका वहीत मिळवायच्या आणि उरलेल्यांची मोजणी तिथेच करायची. केंट ओव्हरस्ट्रीट यांचे परसीपीयू-रेफ २०१३ पासून लिनक्समध्ये नेमके हेच करते. रोजची मोजणी स्वस्त, शेवटची महाग.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. ४०९६ बाइटांच्या प्रत्येक पेजसाठी ६४ कोअरांचे चार-चार बाइटांचे काउंट ठेवले, तर २५६ बाइट गेले. मेमरीचा सोळावा हिस्सा मोजणीनेच खाल्ला. मान्य. पण यातून अ‍ॅटॉमिक काउंट पुरेसा आहे, हे कसे सिद्ध होते? यातून एवढेच सिद्ध होते, की पेजांची मोजणी वाटून देता येत नसेल तर ती कमी केली पाहिजे. मॅथ्यू विलकॉक्स यांच्या फोलिओने ५.१६ आवृत्तीपासून तीच वाट धरली: अनेक पेजांचा एक गठ्ठा, गठ्ठ्याला एक काउंट. फाइलचा मार्ग शोधताना तर २०११ मधल्या आरसीयू-वॉकने मधल्या टप्प्यांवर काउंटला हात लावणेच थांबवले होते. लॉकरेफचे कौतुक करणाऱ्यांनी हेही सांगावे, की ते आले तेव्हा बरीच वाट मोजणीविना चालून झाली होती.

आणखी एक गोष्ट पूर्वपक्ष सोयीने विसरतो. लॉक केवळ काउंट राखत नसते. पेज सापडणे आणि त्याचा काउंट वाढणे यांच्या मधला क्षणही राखते. त्या क्षणात पेज मोकळे होऊन दुसऱ्याच्या हाती गेले तर? २००८ च्या २.६.२७ आवृत्तीत पेज कॅशमधला शोध लॉकविना झाला, तेव्हा पिगिन यांना काउंट शून्य नसेल तरच वाढवा आणि वाढवल्यावर पेज जागेवरच आहे का ते पुन्हा पाहा, असा दुहेरी बंदोबस्त करावा लागला. नुसत्या अ‍ॅटॉमिक वाढीने हे भागले नसते.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० उभा केला, तेव्हा प्रत्येक ट्रान्सप्युटरची मेमरी आपापली होती. काम निरोपांवर चाले. सामाईक ओळच नाही, तर ओढाताण कुठली? अर्थात, ती सोय सामाईक मेमरीच्या कर्नलला नाही, हे मीही जाणतो.

राहता राहिला शेवटचा युक्तिवाद: ही मोठ्या यंत्रवाल्यांची दुखणी आहेत, आपल्याला काय त्याचे? लिनक्स ६.४ मध्ये, २०२३ साली, सुरेन बाघदासार्यान यांनी मेमरीच्या प्रत्येक भागाला स्वतंत्र लॉक दिले. त्यामागे अँड्रॉइडवर अ‍ॅप उघडायला लागणारा वेळ होता. तिथली मुख्य अडचण पत्त्यांचा नकाशा बदलणाऱ्या थ्रेडमुळे पेज मागणारे अडकण्याची होती, काउंटची नव्हे. पण उपायाची दिशा पाहा. लॉक काढले नाही, उलट वाढवले. सगळ्यांनी एकाच जागी जाणे तेवढे थांबवले. आणि फोनचे कोअर बोटांवर मोजता येतात.

तेव्हा लॉकस्टॅटचा अहवाल कोरा आला म्हणून ज्यांनी समाधान मानले, त्यांनी त्याच यंत्रावर, त्याच कामाच्या भाराखाली एकदा पर्फ सीटूसी चालवावे. तो अहवालही कोरा निघाला, तर त्या यंत्रापुरता मी माझा पक्ष मागे घेतो.