टेलिपथी : अनुभव आणि पुरावा

ज्ञानेंद्रियांच्या मदतीशिवाय एका मनातील विचार वा भावना दुसऱ्या मनाला कळणे, याला 'टेलिपथी' म्हणतात. लंडनच्या 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च'चे एक संस्थापक फ्रेडरिक मायर्स यांनी १८८२ मध्ये हा शब्द प्रचारात आणला. कल्पना मात्र जुनी आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतील विभूतिपादात 'परचित्तज्ञान' ही सिद्धी सांगितली आहे. उचकी लागली की कोणी तरी आठवण काढली, असे आपल्याकडे आजही म्हटले जाते.

शहापूर तालुक्यातील किन्हवलीत राहणाऱ्या एखाद्या आईचा जीव अचानक कासावीस व्हावा आणि थोड्याच वेळात मुंबईतील मुलाला अपघात झाल्याचा फोन यावा, तर तो अनुभव ती जन्मभर विसरणार नाही. परंतु जीव घाबरला आणि काहीच घडले नाही, असे कितीतरी दिवस विस्मरणात जातात. न जुळलेल्या प्रसंगांचीही मोजदाद केल्याशिवाय योगायोग वेगळा काढता येत नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी १९३०च्या दशकात ही मोजदाद सुरू केली. पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांपैकी निव्वळ अंदाजाने सरासरी ५ ओळखता येतात. ऱ्हाइन यांना काही व्यक्तींबाबत याहून अधिक यश आढळले; पण इतर प्रयोगशाळांत त्याचा सातत्याने पडताळा आला नाही.

महाराष्ट्रात हीच पद्धत डॉ. जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाला लावली. हुशार मुले व बौद्धिक अक्षमता असलेली मुले यांच्या कुंडल्या वेगळ्या ओळखण्यासाठी २७ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या देण्यात आल्या. नाणेफेकीने ५० टक्के उत्तरे बरोबर यावीत. ज्योतिष्यांची सरासरी ४६ टक्के आली.

अशा चाचण्यांनाही मर्यादा आहेत. टेलिपथी कधीच घडत नाही, हे त्यांतून सिद्ध होत नाही. आयुष्यात एकदाच आलेला अनुभव प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येत नाही. मात्र म्हणून तो पुरावा ठरत नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच राहते. आईची तळमळ खरी असते, तिचे कारण मात्र अनिश्चित राहते. अशी हुरहूर फोन येण्यापूर्वीच तारीख-वेळेसह लिहून ठेवली आणि खोट्या ठरलेल्या नोंदीही जपल्या, तरच तपासाला काही आधार मिळतो.