बार्सिलोनाचा दमा आणि बंदरातली धूळ

स्पेनमधील बार्सिलोना हे भूमध्य समुद्राकाठचे मोठे बंदर. तिथल्या डॉक्टरांना १९८१ नंतर एक कोडे पडले. एखाद्या दिवशी अचानक, काही तासांतच, दम्याने घुसमटलेल्या रुग्णांची रुग्णालयात रीघ लागे. नंतर सारे पूर्ववत. १९८७ पर्यंत अशा २६ साथी नोंदल्या गेल्या. काही रुग्ण दगावलेही.

पहिला संशय साहजिकच धुरावर, विशेषतः नायट्रोजन डायऑक्साइडवर गेला. पण त्याने कोडे सुटेना. मग संशोधकांनी रुग्ण कोठून आले हे नकाशावर पाहिले. बरेचसे बंदराच्या आसपासचे निघाले. त्यांनी जहाजांच्या नोंदी तपासल्या. १९८५ व १९८६ मधील साथीच्या तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते! मात्र सोयाबीन उतरले की साथ आलीच, असे नव्हते. वारा मंद आणि शहराकडे वाहणारा असावा लागे.

इथे आपल्याला प्रश्न पडतो: धूळ तर हजारोंच्या नाकात गेली, मग दमा मोजक्यांनाच का? उत्तर रक्तात सापडले. किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने १९६६ मध्ये 'आयजीई' हा प्रतिपिंड शोधला होता. काहींचे शरीर एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजून त्याविरुद्ध आयजीई तयार करते. हे प्रतिपिंड श्वासनलिकांतील मास्ट पेशींवर चिकटून बसतात. तेच प्रथिन पुन्हा आले, की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. नलिका आकसतात, सुजतात आणि दम लागतो. बार्सिलोनाच्या साथीतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत सोयाबीनविरोधी आयजीई आढळले; इतर दिवशी आलेल्या दमेकऱ्यांत मात्र शंभरात पाचही नाही.

म्हणजे नुसती धूळ पुरेशी नव्हती, आणि नुसते आयजीईही नव्हे. दोन्ही एकत्र आले तेव्हाच साथ उद्भवली.

लोकांची प्रतिकारयंत्रणा बदलणे शक्य नव्हते. धूळ अडवणे शक्य होते. बंदरातील एका धान्यकोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळणपिशव्याच नव्हत्या. त्या बसवल्यावर साथी थांबल्या.

पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. तिथल्या १९५० व ६० च्या दशकांतील दम्याच्या साथींचा संबंधही बंदरातील सोयाबीनच्या जहाजांशी दिसून आला. चाळीस वर्षे उत्तर दप्तरातच पडून होते. जहाजांची वही आणि रुग्णालयाची वही तोवर कुणी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.