नवीन असेंबल केलेला पीसी सुरू होत नाही? दुकान गाठण्याआधी हे तपासा

बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. हजारो रुपयांचे पार्ट जळाले की काय, ही भीती इथेच सुरू होते. बहुतेकदा तसं झालेलं नसतं.

२०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ रॅम लागते. पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमचं टायमिंग जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जाऊ शकतात आणि तोवर स्क्रीनवर काहीच दिसत नाही. घाबरून मध्येच बंद केलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे १०-१५ मिनिटं पीसीला हात न लावणं उत्तम.

तरीही स्क्रीन काळीच असेल तर बोर्डवरचे छोटे दिवे बघा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार दिवे असतात. जो पेटून राहतो, तिथे अडलंय. सीपीयूचा असेल तर बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची पॉवर केबल पाहा. ती हमखास राहून जाते आणि २४ पिनची लावलेली असल्याने पंखे मात्र फिरतात. डीरॅमचा असेल तर एकच रॅम, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये, ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबून बसवा. व्हीजीएचा असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याची पॉवर केबल पुन्हा बसवा.

एचडीएमआय केबल कुठे लावली आहे तेही पाहा. इंटेलच्या ‘एफ’ अक्षर असलेल्या प्रोसेसरमध्ये (उदा. १२४००एफ) ग्राफिक्स नसतं, म्हणून केबल ग्राफिक्स कार्डलाच लावावी लागते.

आणि पंखेच फिरत नसतील तर? आधी पॉवर सप्लायच्या मागचा स्विच.